विदर्भाच्या अंगणात ठिपक्यांची केशरी लिली

श्रावणाच्या आसपास काही अंगणांमध्ये केशरी रंगाची, लालसर ठिपक्यांची एक लिली फुललेली दिसते आणि रस्त्यानं जाणारा माणूस कुंपणाशी थांबतोच. मग घरी जाऊन मोबाइलवर ‘टायगर लिली’ शोधायची, कंद मागवायचे, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते कंद मातीत सडून जायचे, आणि शेवटी ‘आपल्या इकडं लिली होत नाही’ असं म्हणून विषय संपवायचा, हे फार घरांत घडतं. पण होते, चांगली होते. फक्त कोणती लिली लावायची ते आधी नीट ठरवावं लागतं आणि तिच्या कंदाशी पावसाचं पाणी साचणार नाही याची सोय करावी लागते. आपल्याकडं हे झाड उन्हानं जितकं मरतं त्याच्या कितीतरी पट जास्त पाण्यानं मरतं. वाफा, माती, खत, पाणी यांबद्दल पुढं जे लिहिलं आहे ते बहुतेक सगळं याच कारणासाठी आहे.

कोणती लिली घ्यायची

ठिपक्यांची केशरी लिली म्हणून दोन वेगळी झाडं विकली जातात. त्यातली खरी टायगर लिली चीन, जपान, कोरिया या थंड मुलखातली. तिची फुलं खाली मान घालून लोंबतात, पाकळ्या मागं वळून गेलेल्या असतात, आणि खोडावर पानांच्या बेचक्यांत काळपट जांभळे छोटे कंदले धरतात. या लिलीला हिवाळ्यात दीडदोन महिने चांगली थंडी लागते. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो खरा, पण दुपारी पुन्हा २८-३० होतो आणि माती काही तेवढी गार राहत नाही. त्यामुळं शीतगृहातून आलेला कंद पहिल्या वर्षी फुलतो, दुसऱ्या वर्षी नुसती पानं देतो आणि मग दिसेनासा होतो. चिखलदऱ्यासारख्या सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या गावात कोणी राहत असेल तर त्यानं जरूर करून पाहावं. बाकीच्यांनी हिच्यामागं पैसे घालवू नयेत असं माझं मत आहे.

दुसरी आहे लेपर्ड लिली. हिलाच ब्लॅकबेरी लिली म्हणतात. हिमालयापासून चीन-जपानपर्यंतचं हे झाड, उष्ण मैदानी हवेत सहज रुळणारं. खरं तर ही लिली नव्हेच, आयरिसच्या कुळातली आहे. पूर्वी शास्त्रीय नाव बेलॅमकांडा चायनेन्सिस होतं. २००५ साली जनुकीय अभ्यासाच्या आधारावर तिला आयरिस गटात घेतलं आणि नाव आयरिस डोमेस्टिका झालं. बियांच्या पाकिटावर अजून दोन्ही नावं चालतात, म्हणून दोन्ही लक्षात ठेवा. हिचं फूल चारपाच सेंटिमीटरचं, सहा पाकळ्यांचं, आभाळाकडं तोंड करून उघडतं. विदर्भातल्या अंगणात लावायची ती ही.

दुकानात किंवा नर्सरीत ओळखायचं कसं? पानांकडं बघा. लेपर्ड लिलीची पानं तलवारीच्या पात्यासारखी लांब, चपटी, आणि एकाच पातळीत पंख्यागत पसरलेली असतात. खऱ्या टायगर लिलीची पानं उभ्या दांड्यावर चहूबाजूंनी येतात. नुसता कंद हाती आला तरी फरक स्पष्ट असतो. टायगर लिलीचा कंद पांढरट खवल्यांचा गड्डा असतो, वर साल नसते. लेपर्ड लिलीचा कंद आडवा, गाठीगाठीचा, हळकुंडाच्या वळणाचा असतो आणि नखानं खरवडलं की आत पिवळा निघतो.

ऑनलाइन खरेदी करताना आणखी एक गोष्ट सांभाळा. बागेत लावतात ती टायगर लिली बहुतेक वेळा त्रिगुणित गुणसूत्रांची असते, म्हणजे तिला बीच धरत नाही. म्हणून ‘टायगर लिलीचं बी’ म्हणून कोणी पाकीट विकत असेल तर आत दुसरंच काही आहे असं समजावं. निळ्या किंवा सप्तरंगी लिलीचं बी तर सरळ फसवणूक आहे. लेपर्ड लिलीला मात्र भरपूर बी धरतं, आणि गावात एका घरी ती असेल तर विकत घ्यायची गरजच पडत नाही. जिच्या अंगणात फूल दिसलं तिला भाद्रपदातच सांगून ठेवायचं, ‘वहिनी, या फुलाचं बी मले ठेवजा बरं.’

जागा

सकाळचं पाचसहा तास ऊन आणि दुपारी दोननंतर सावली, अशी जागा सगळ्यात उत्तम. घराच्या पूर्वेची बाजू यासाठी योग्य. कडुनिंबाची विरळ सावली चालते, पण आंब्याखालच्या गर्द सावलीत पानं लांबलचक होतात आणि दांडा निघत नाही. सिमेंटच्या भिंतीला चिकटून लावू नका. मे महिन्यात ती भिंत रात्री उशिरापर्यंत गरम असते, आणि कंद तर मातीत जेमतेम एक इंच खाली. दोन फूट तरी अंतर सोडा.

दोन जागा कटाक्षानं टाळायच्या. एक, कवेलूच्या किंवा टिनाच्या छपराची वळचण. पागोळ्यांनी तिथं खड्डा पडतो, कंद उघडा पडतो आणि चिखल उडून पानांवर बसतो, त्यातून पानावरचे डाग सुरू होतात. दुसरी जागा न्हाणीच्या पाण्याची. तिथं कर्दळ लावा, अळू लावा, केळ लावा, ती साबणाच्या चिखलातही पोसतात. ही लिली त्या चिखलात एक पावसाळाही काढणार नाही.

घरी कोंबड्या असतील तर वाफ्याला तुराट्यांचा कूड करून घ्या. कोंबडी उकरते तेव्हा वरवरचे कंदच आधी बाहेर येतात.

काळ्या मातीवरचा इलाज

यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, बुलढाणा, नागपूर, या पट्ट्यात बहुतेक अंगणांत काळी भारी माती असते. कापसाला ती सोनं आहे. पण या कंदासाठी तिच्यात दोन दोष आहेत. ती पावसात फुगते, हवा जाण्याची छिद्रं बंद होतात आणि पाणी कंदाभोवती आठआठ दिवस साचून राहतं. उन्हाळ्यात तीच माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांबरोबर वरवरची मुळं तुटतात. म्हणजे एकाच मातीकडून दोन्ही ऋतूंत मार. म्हणून निव्वळ काळ्या मातीत, जमिनीच्या पातळीवर ही लिली कधीच लावू नये.

वाफ्याचं काम मेमध्ये काढा. ठरलेली जागा फूटभर खोल खणून हराळी आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढा. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तरी पावसाळ्यात ती लिलीच्या कंदांत शिरते आणि मग दोन्ही एकत्र उपटावे लागतात. खणलेल्या मातीवर पाणी मारून पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीनं दाबून चारपाच आठवडे तसंच ठेवा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात त्या प्लास्टिकखाली माती एवढी तापते की बुरशी आणि तणांचं बी बऱ्यापैकी मरतं. उन्हाळ्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्लास्टिक काढून निचरा तपासा. फूटभर खोल खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीनचार तासांत उतरलं तर ठीक. सकाळी भरलेलं संध्याकाळीही दिसत असेल तर वाफा फूटभर उंच हवाच, आणि त्याखाली विटांच्या तुकड्यांचा थरही हवा.

मिश्रण असं धरा: दोन भाग माती, एक भाग बारीक मुरूम किंवा नाल्याची जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. तीन फूट रुंद, सहा फूट लांब आणि फूटभर उंच वाफ्याला साधारण ३० ते ३५ घमेली माल लागतो. त्यात निम्मी माती, बाकी मुरूम आणि खत समान. वर दोन ओंजळी निंबोळी पेंड मिसळा. बारीक चाळलेली वाळू घालू नका. ती काळ्या मातीत मिसळली की घट्ट लादीच तयार होते. मुरूम खडबडीत असतो, मातीत जागा करतो, म्हणून मुरूम मिळत असेल तर तोच घ्या.

शेणखताबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण नुकसान इथूनच होतं. उकिरड्याच्या वरच्या थरातलं, अजून शेणाचा वास येणारं खत आणलं की त्याबरोबर हुमणीच्या अळ्या येतात. पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी. ती कंदाची मुळं खाते, वर पानं आपोआप पिवळी पडत जातात आणि आपण पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी ओततो. खत हातात घेऊन बघा. भुरभुरीत, काळपट, ओल्या मातीचा वास असलेलं आणि आत काडी-कुटार ओळखू न येणारं असेल तरच वाफ्यात टाका. एक वर्ष जुनं खत सगळ्यात बरं.

वाफ्याचा माथा मध्ये थोडा फुगीर आणि कडेला उतरता ठेवा. कडेला विटा किंवा दगड लावलेत तर मधून मधून फटी राहू द्या, नाहीतर सिमेंटनं बंद केलेला वाफा म्हणजे नुसतं टाकं होतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं धानाच्या भागात माती हलकी मिळते, पण पाऊस १३०० मिलिमीटरच्या आसपास आणि कुठं त्याहून जास्त. तिथं वाफा दीड फूट उंच करा.

खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांसाठी

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, बोअरचं पाणी खारं असतं. ते पाणी वर्षभर दिलं की पानांची टोकं करपतात, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि झाड वाढायचं थांबतं. तिथं ही लिली कुंडीतच लावा, आणि छपराचं पावसाचं पाणी टाकीत साठवून तिच्यासाठी वेगळं ठेवा. पाचसहा कुंड्यांना फार पाणी लागत नाही. नळाचं गोडं पाणी येत असेल तर त्यातली बादलीभर राखून ठेवली तरी भागतं. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवा, म्हणजे साचलेला क्षार धुऊन खाली जातो.

काळ्या चुनखडीच्या मातीत नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता असते. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळं झाडाला घेता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. दहाबारा दिवसांनी पुन्हा एकदा. इथं युरिया टाकण्याचा मोह होतो, तो आवरा. युरियानं पानं मऊ, लोंबती होतात आणि फुलाचा दांडा पहिल्याच वाऱ्यात आडवा पडतो.

कंदापासून लावणी

कंदाच्या फोडी लावायला दसरा ते दिवाळी हा सर्वांत चांगला काळ. पाऊस ओसरलेला असतो, मातीत ओल आणि ऊब दोन्ही असते, आणि पुढं उन्हाळा यायला चार महिने मिळतात. तेवढ्यात मुळं बसतात. मृगाच्या पावसावरही लोक लावतात. उंच वाफ्यावर ते चालून जातं, पण ताज्या कापलेल्या फोडीला लगेच आठ दिवसांची झड लागली तर ती सडायची भीती असते.

प्रत्येक फोडीला पानांचा एक पंखा आणि खाली थोडी जिवंत मुळं असली पाहिजेत. पानं अर्धी कापून टाका, म्हणजे बाष्पीभवन कमी होतं. कापलेला भाग एक दिवस सावलीत सुकू द्या. मग कंद आडवा ठेवून वर फक्त इंचभर माती ओढा. खोल लावण्याचा आपला हात असतो, कांदा-लसूण-हळद लावून लावून तशी सवय झालेली असते, पण इथं हात आवरा. कंदाची पाठ मातीखाली जेमतेम झाकलेली पुरे. दोन झाडांत एक फूट अंतर ठेवा. वर सांगितलेल्या वाफ्यात अशी १८ झाडं बसतात आणि दोन वर्षांत मधली जागा भरून निघते.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या. त्यानंतर वरची इंचभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको.

कुंडीत लावायची असेल तर १२ इंची कुंडी, तळाला मोठी भोकं, आणि एका कुंडीत एकच कंद. तेलाचा जुना डबा किंवा फुटकी बादलीही चालते, भोकं मात्र खिळ्याएवढी नकोत, बोटाएवढी पाडा. कुंडी थेट जमिनीवर टेकवू नका, दोन विटांवर ठेवा. पावसाळ्यात खालची ओली माती भोकं बुजवून टाकते.

बियांपासून रोपं

बी आश्विन-कार्तिकात तयार होतं. ते तयार होताना बघण्यासारखं असतं. फूल गेल्यावर हिरवं, तीन कप्प्यांचं फुगीर बोंड धरतं. ते हळूहळू गवताच्या रंगाचं आणि कागदासारखं पातळ होतं. मग एका दिवशी तिन्ही बाजूंच्या भिंती फाटून मागं वळतात, आणि मधल्या दांडीला काळेभोर, चकचकीत, गोल बी घोसानं चिकटलेलं तसंच राहतं, खाली सांडत नाही. ब्लॅकबेरी हे नाव यावरूनच पडलं. लहान मुलांना हा घोस रानमेव्यासारखा वाटतो. पोरांना बजावून ठेवा की हे खायचं नसतं. कंदही पोटात गेला तर त्रास होतो. चीनमध्ये तो घशाच्या आजारावर औषध म्हणून वापरतात, पण ते जाणकार वैद्याचं काम आहे, घरच्या प्रयोगाचं नाही.

ताजं बी लगेच पेरलं तर उगवण चांगली. एक रात्र पाण्यात भिजवा, माती, वाळू आणि गांडूळखत समान घेऊन ट्रे किंवा उथळ खोका भरा, आणि बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका. वर जुन्या गोणपाटाचा तुकडा अंथरून ओल राखा, पहिला अंकुर दिसला की गोणपाट काढा. या बियांचा स्वभाव एकाच वेळी उगवण्याचा नाही. काही दोनतीन आठवड्यांत वर येतात, काहींना दोन महिने लागतात, काही त्याहून मागं राहतात. चार रोपं आली म्हणून बाकीचा ट्रे ओतून टाकू नका.

बी मागच्या वर्षीचं असेल तर ते ओल्या सुती कापडात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात महिनाभर ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको. या थंडीनं बियांची झोप मोडते. हे काम जानेवारीत करून फेब्रुवारीत पेरा.

रोपाला चारपाच पानं आली की छोट्या पिशवीत हलवा आणि पहिला उन्हाळा पिशवीतच, सावलीत काढू द्या. मृग लागला, दोन चांगले पाऊस झाले, की वाफ्यात. त्या पावसाळ्यात एखाददुसरं फूल आलं तर आलं. खरा बहर त्याच्या पुढच्या पावसाळ्यात.

उन्हाळा काढताना

मार्चपासून वाफ्यावर चार बोटं जाड आच्छादन घाला. सोयाबीनचं कुटार, गव्हांडा, वाळलेला पाला, जे घरी असेल ते. फक्त पानांच्या बुडाशी चार बोटांची जागा मोकळी ठेवा, आणि दर पंधरा दिवसांनी कुटार उचलून खाली वाळवी लागली का बघा. पऱ्हाट्यांचे जाड तुकडे आच्छादनाला वापरू नका, वाळवी आधी त्यांनाच धरते.

एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत, पारा ४५ च्या आसपास खेळतो त्या दिवसांत, दुपारच्या उन्हाला आडोसा लागतो. ५० टक्क्यांची हिरवी जाळी मिळाली तर ठीक, नाहीतर चार बल्ल्यांवर तुराट्यांचा मांडव टाका किंवा जुनं लुगडं बांधा. पाणी वाफ्याला तीनचार दिवसांनी, कुंडीला रोज, आणि तेही संध्याकाळी ऊन उतरल्यावर. पानांची टोकं वाळली, दोनचार बाहेरची पानं गेली, तर घाबरू नका. जास्त पाणी घालून पानं हिरवी ठेवण्याच्या नादात कंद सडतो. सगळी पानं वाळली असं वाटलं तर कंद बोटानं दाबून बघा. कडक असेल तर तो जिवंत आहे, पहिल्या पावसावर फुटतो.

पाऊस सुरू झाला की आच्छादन पूर्ण काढून टाका. उन्हाळ्यात ज्यानं कंद वाचवला तेच पावसाळ्यात ओल धरून कंद कुजवतं, शिवाय त्याखाली गोगलगायी बसतात. गोगलगायींसाठी संध्याकाळी वाफ्याशेजारी ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि सकाळी उलटून वेचून घ्या.

फुलोरा

जून अखेरीस पानांच्या पंख्यातून दांडा वर येतो, दोनतीन फूट उंच होतो आणि टोकाला फांद्या फुटतात. कळ्या दिसायच्या आधीच शेजारी एक तुराटी किंवा बांबूची काडी रोवून सुतळीनं सैल बांधा. आषाढातल्या वाऱ्यात एकदा दांडा मोडला की त्या झाडाचा त्या वर्षीचा बहर गेला.

एक फूल एकच दिवस टिकतं. सकाळी उघडतं, दिवसभर त्यावर मधमाश्या आणि फुलपाखरं येतात, आणि संध्याकाळी सहाही पाकळ्या एकमेकींभोवती पीळ घालून घट्ट मिटतात. दुसऱ्या दिवशी तो पीळ वाळून गळतो आणि शेजारची कळी उघडते. एका दांड्यावर कळ्या अनेक, त्यामुळं कित्येक आठवडे रोज नवं फूल असतं. म्हणून फूल कोमेजलं की दांडा छाटायची घाई करू नका, पुढच्या कळ्या त्यावरच असतात.

हारासाठी हे फूल उपयोगाचं नाही, संध्याकाळपर्यंत मिटून जातं. पण महालक्ष्म्यांच्या आराशीत दांडाच पाण्याच्या तांब्यात ठेवला तर रोज सकाळी नवी कळी उमलते. जपानमध्ये क्योतो शहरात जुलैतल्या गिऑन उत्सवात घरोघरी हीच लिली सजवून ठेवतात. बोंडं फुटलेले वाळके दांडे तर फुलदाणीत महिनोन्महिने तसेच राहतात. मला ते फुलांइतकेच आवडतात.

जून सुरू होताना आणि फुलोरा संपल्यावर प्रत्येक झाडाला दोन मुठी कुजलेलं शेणखत पुरे. याहून जास्त काही मागत नाही.

रोग आणि किडी

कंदकूज ही एकच गोष्ट गंभीरपणे घ्यायची. झडीच्या दिवसांत एखादा हिरवा पंखा अचानक कलला, बुडाशी दाबल्यावर मऊ लागला, ओढल्यावर सहज हातात आला आणि कुजकट वास आला, तर त्याच दिवशी कंद खणा. मऊ, तपकिरी भाग पिवळा कडक गर लागेपर्यंत कापत जा. प्रत्येक कापाआधी सुरी ज्योतीवर धरा. उरलेला भाग लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक घालून केलेल्या द्रावणात दहापंधरा मिनिटं बुडवा, सावलीत दोन दिवस सुकवा आणि कुंडीत कोरडसर मातीत लावा. जुन्या जागी पुन्हा लावू नका. शेजारच्या झाडांच्या बुडाशीही तेच द्रावण ओता. दरवर्षी जूनमध्ये शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून वाफ्याला दिली तर ही वेळ सहसा येत नाही. मात्र ती आणि तांब्याचं औषध एकाच आठवड्यात देऊ नका, औषधानं उपयोगी बुरशीही मरते.

पानांवर तपकिरी डाग आले तर ती पानं कापून जाळा, आणि डाग पसरत असतील तर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) फवारा. फेब्रुवारीत मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा किंवा पाच टक्के निंबोळी अर्क. एवढंच.

घरी मांजर असेल तर मात्र खरी टायगर लिली कुंडीतसुद्धा आणू नका. त्या लिलीचं पान, परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही मांजराच्या पोटात गेलं तर मूत्रपिंड निकामी होऊन मांजर दगावतं. लेपर्ड लिलीचा धोका तेवढा नाही, तरी कंद जनावरांपासून दूरच ठेवा. आणि रानात पावसाळ्यात दिसणारी लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी ही वेगळी आहे. तिला ठिपके नसतात, वेल असते, आणि तिचा कंद जीवघेणा विषारी असतो. लेपर्ड लिली समजून ती कोणी खणून आणू नये.

कंदांच्या फोडी आणि वाटप

तिसऱ्या-चौथ्या वर्षी झुडपाचा मधला भाग रिकामा दिसू लागतो आणि फुलं कडेलाच येतात. त्या वर्षी दसऱ्यानंतर सगळं झुडूप कुदळीनं अलगद उचला, माती झटका, आणि बाहेरच्या बाजूचे जोमदार तुकडे ठेवून मधल्या जुन्या, पोकळ गाठी फेकून द्या. वाफ्यात पुन्हा दोन घमेली मुरूम आणि तेवढंच खत घालून तुकडे परत लावा. एका झुडपातून पाचसात झाडं सहज निघतात.

उरलेले कंद कोणाला द्यायचे असतील तर पानं सहा इंचांवर कापा, मुळांवरची माती धुवू नका, आणि कागदात किंवा सुती कापडात गुंडाळून द्या. प्लास्टिकच्या पिशवीत ते दोन दिवसांत घामेजतात आणि तिथूनच कूज सुरू होते. कागदात गुंडाळलेले कंद सावलीत आठदहा दिवस चांगले राहतात. बी द्यायचं असेल तर घोस दांडीसकट कापून कागदाच्या पुडीत बांधा आणि पुडीवर महिना आणि वर्ष लिहा, म्हणजे घेणाऱ्याला कळेल की लगेच पेरायचं की आधी महिनाभर फ्रिजमध्ये ठेवायचं.